गोठीकच्या मॅडम

त्यांच्या पर्समध्ये पेचकस असायचा. पावडर, कंगवा, आरसा असलं काही नसायचं. एक पेचकस, कागदाच्या पुडीत आठ-दहा स्क्रू, आणि बहुतेक वेळा एखादी कोरी लोखंडी कडी. नोकरीवर रुजू झाल्या त्या दिवशी आमच्या लेडीज रूममध्ये आल्या, कुणाला नमस्कार करायच्या आधी दार पुढं-मागं हलवून पाहिलं आणि शिपायाला हाक मारली.

"भाऊ, या खोलीले आतून कडी नाही. बाहेरून हाय. काहून?"

"मॅडम, पहिले इथं खेळाचं सामान राहे."

"म्हंजे बॅटा पळून जातीन म्हनून?"

शिपाई हसला. आम्ही चौघी प्राध्यापिका हसलो नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्टुलावर चढून, पदर कमरेला खोचून, स्वतःच आतून कडी बसवत होत्या. मी त्या खोलीत तेव्हा सात वर्षं बसत होते. साडी नीट करायची तर एकीनं दाराला पाठ लावून उभं राहायचं, दुसरीनं आवरायचं, अशी आमची सोय होती. सात वर्षांत कडी बसवून घ्यावी असं मला एकदाही सुचलं नव्हतं. सुरुवात तिथून झाली.

मला त्यांचा हेवा वाटायचा. एवढं साधं वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली. तेव्हा मी त्याला मतभेद म्हणायचे, भाषेची काळजी म्हणायचे, कॉलेजची शिस्त म्हणायचे. तो निव्वळ हेवा होता. त्या हेव्यानं एका मुलीचं काय केलं ते सांगायचं आहे, आणि त्यासाठी मॅडम कशा होत्या ते आधी सांगायला हवं.

त्या इंग्रजी शिकवायच्या, मी मराठी. कॉलेज तालुक्याच्या गावचं. पोरं झरी जामणीच्या जंगलाकडून, केळापूरच्या आजूबाजूच्या खेड्यांतून एस.टी.नं यायची. ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव नव्हता, सरकारी खरेदीचे काटे वेळेवर सुरू व्हायचे नाहीत, आणि तोवर वेचलेला कापूस लोक राहत्या घरातच भरून ठेवायचे. वर्गातल्या पोरांच्या केसांत, स्वेटरवर तंतू चिकटलेले असायचे आणि ती सारखी खाजवायची. घरात कापूस साठवला की अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक. पेपरात रोज मरणाच्या बातम्या. मॅडम त्यातल्या फक्त बायकांच्या कापून ठेवायच्या. त्या आतल्या पानावर असत, दोन बोटं उंचीच्या. 'पोटदुखीला कंटाळून विवाहितेची आत्महत्या.' कात्रणाला डिंक लावता लावता त्या म्हणायच्या, "आपल्या जिल्ह्यात बायांचं पोट लय दुखते बाप्पा."

बी.ए.ला त्यांच्याकडे जुन्या विलायती भयकादंबऱ्यांचा एक पेपर आला. ओसाड गढ्या, बंद खोल्या, झुळझुळीत झग्यातल्या किंचाळणाऱ्या बायका. आम्ही लेडीज रूममध्ये म्हटलं, आता आमच्या पोरांना याचं काय कळणार? पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. मॅडमनी वर्गात 'गॉथिक' हा शब्द सांगितला आणि अर्ध्या वर्गानं वहीत लिहिलं 'गोठीक'. आमच्या वऱ्हाडीत गोष्टीला गोठ म्हणतात. पोरांना वाटलं, गोठी असतात म्हणून गोठीक. मी असते तर लाल शाईनं खोडलं असतं. मॅडम ती वही नाचवत लेडीज रूममध्ये आल्या.

"पाहा न ताई! यायनं तर नावच बरोबर ठेवलं. जे तोंडावर बोलता येत नाही ते गोठीत सांगतात, म्हनून गोठीक!"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांनी तसंच लिहिलं. पोरं त्यांना गोठीकच्या मॅडम म्हणू लागली. मी प्राचार्यांकडे जाऊन शुद्धलेखनाचा मुद्दा काढला, पण कारण शुद्धलेखन नव्हतं. गोठ हा शब्द माझा होता. वऱ्हाडी लोकसाहित्यावर पीएच.डी. मी करत होते. सहा वर्षं खेडोपाडी फिरून मी वह्या भरल्या होत्या आणि पुढं एक पान सरकत नव्हतं. मी हे सगळं शुद्ध मराठीत करत होते, हा त्यातला विनोद मला तेव्हा दिसत नव्हता. मॅडम मात्र स्टाफ मीटिंगमध्येसुद्धा 'मले' आणि 'तुले' बोलायच्या आणि लोक त्यांचं ऐकायचे.

त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून. मधली भिंत वरून उघडी. मी पोरांना उतारा लिहायला द्यायचे आणि कान तिकडं.

"एक मोठं घर हाय. त्यात लगन होऊन एक नवी बाई येते. नवरा म्हनते, साऱ्या घरात फिर, त्या एका खोलीत जाऊ नको. आता सांगा पोट्टेहो, भूत कुठी हाय?"

"त्या खोलीत!" सगळा वर्ग.

"नाही. ज्याच्या खिशात चावी हाय त्याच्याजोळ पाहा. खोलीत हाय ते भूत नाही. ती त्याची पहिली बायको हाय."

मग त्यांचे ठरलेले प्रश्न यायचे. भीती वाटली की पळायचं नाही, विचारायचं. भूत व्हायच्या आधी ते कोण होतं? तिचं नाव काय? त्या दिवशी घरी कोण-कोण होतं? आणि कडी आतून होती का बाहेरून? पोरं आपापल्या गावची भुतं घेऊन यायची. कुणाच्या विहिरीतली, कुणाच्या चिंचेवरची. मॅडम नाव विचारायच्या. नाव कुणालाच माहीत नसायचं. 'अमक्याची बायको', 'तमक्याची सून', फार तर 'बाळंतीण'. "मंग घरी जाऊन नाव घेऊन या," त्या म्हणायच्या. "बिना नावाच्या भुताचे मार्क भेटत नाहीत. आनखी एक ध्यानात ठेवा. भूत खोटं बोलत नाही. घरचे बोलतात."

एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हडळीचे पाय उलटे काहून राहतात?"

भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज आला. "मातीत पाऊल दिसते तवा लोकाईले वाटते, ती आपल्याकडं येऊन राह्यली. ती तर घर सोडून जाऊन राह्यली होती, बाई."

माझ्या वहीत हडळीच्या चौदा कथा होत्या. पाय उलटे, पाय उलटे, पाय उलटे, असं चौदा वेळा माझ्याच अक्षरात लिहिलेलं. त्या दिवशी घरी जाऊन मी ती वही कपाटात खाली टाकली ती पुन्हा काढली नाही.

एक मुद्दा टाळून चालणार नाही. माझ्या हेव्याला जातही होती. मॅडम नेरच्या, बौद्ध घरातल्या. वडील तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आम्ही कापूस पिकवणारे, शेतीवाडीवाले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही कॉलेजातल्या सगळ्या बायकांना बोलवायचो, त्यांना सोडून, आणि म्हणायचो, "त्यांच्यात नसतं ना." त्यांना ते कळत होतं. एकदा हसत म्हणाल्या, "माह्या आजानं धर्म घेतला तवा देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. संगं भुतंही सोडली. मी त्यातली भुतं तेवढी वापस आनली."

विद्यार्थिनींच्या लग्नात त्या कडी द्यायच्या. खरंच. लोक स्टीलचा डबा देतात, साडी देतात. या रंगीत कागदात गुंडाळून आतून लावायची कडी, चार स्क्रू आणि एक छोटा पेचकस. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं पुडकं उघडून वर धरलं.

"हे काय होय मॅडम? आमच्या घराले काय दारं नाहीत?"

"दारं हायत न भाऊ. म्हनून तं देली."

मांडव हसला. मीही हसले, कारण मला वाटलं त्यांची फजिती झाली. नवरीनं मात्र ते पुडकं मामाच्या हातून काढून आपल्या पिशवीत ठेवलं, आणि ते पाहून माझं हसू जागच्या जागी विरलं. इतक्या वर्षांत माझं एखादं वाक्य कुठल्या मुलीनं असं उचलून पिशवीत ठेवलं नव्हतं.

प्रश्नपत्रिकेच्या कामासाठी त्या एकदा माझ्या घरी आल्या. चहा झाला, हात धुवायला आत गेल्या आणि परत येताना आमच्या झोपायच्या खोलीच्या दारापाशी थांबल्या.

"ताई, ही कडी बाहेरून कायले?"

"घर बांधलं तेव्हापासूनच आहे."

"आतून नाही?"

"नाही."

त्यांचा हात पर्सकडं गेला. मी म्हटलं, "राहू द्या." त्यांनी पर्स बंद केली आणि दुसरा विषय काढला, अगदी सहज.

माझे यजमान वाईट नव्हते. ती कडी वर्षातून एकदा-दोनदाच लागायची, आणि सकाळी तेच उघडायचे, चहा करून द्यायचे. मी हे आईलासुद्धा सांगितलेलं नाही. मॅडमनी ते एका प्रश्नात पाहिलं. मला लाज वाटायला हवी होती, किंवा धीर यायला हवा होता. मला राग आला. भाड्याच्या एका खोलीत राहणारी बाई, लग्न नाही, पक्की नोकरी नाही, दर वर्षी जूनमध्ये नेमणुकीचा कागद येतो की नाही याची वाट पाहणारी, आणि तिच्या दाराला फक्त आतून कडी.

आता ती मुलगी. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा छापलं गेलं तेवढं पुरे.

पहिल्या वर्षाला ती माझी होती. आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या तिनं मला लिहून आणून दिल्या होत्या. बारीक, उभं अक्षर, कडेला आजीनं सांगितलेले अर्थ. मी ठरवून टाकलं होतं की ही माझ्या हाताखाली एम.ए. करेल आणि माझं जे राहिलं ते पुरं करेल. दुसऱ्या वर्षाला तिनं मॅडमचा पेपर घेतला आणि ती गेली. म्हणजे माझ्या वर्गात बसायचीच, वही पुरी असायची, पण आधी तास संपल्यावर माझ्यामागे प्रश्न विचारत यायची ती आता पुस्तक परत करायला यायची. एकदा मी स्टँडवर पाहिलं, मॅडम आणि ती एका डब्यातून भाकर-ठेचा खात होत्या. मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती, ठसका लागेपर्यंत. मी माझी बस येऊनही चढले नाही. उभी राहून पाहत होते.

कॉलेजच्या वार्षिकांकाची संपादक मी होते. त्या वर्षी त्या मुलीनं लेख दिला. शीर्षक, 'गोठीक आमच्या घरची.'

लेख तिच्या मोठ्या मायबद्दल होता, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाच्या बायकोबद्दल. ती न विचारता बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि बारा दिवसांनी परत आली. त्यानंतर घरच्यांनी म्हटलं, हिला बाहेरचं लागलं. कुणाचं तरी भूत संगं घेऊन आली. कारण ती उलट बोलायची, जेवायची नाही, सारखं अंग खाजवायची. तिला कापूस भरलेल्या खोलीत ठेवलं आणि कडी लावली. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. दाराखालच्या फटीतून ती भाकर सरकवायची. कापसात आवाज बुडतो, तिनं लिहिलं होतं. आत कुणी ओरडलं तर बाहेर फक्त खोकल्यासारखं येतं. कापूस विकला गेला, खोली मोकळी झाली, मोठी माय बाहेर आली. आठ दिवसांत तिनं कपाशीवर फवारायचं औषध घेतलं. आता म्हणतात, ती त्या खोलीत दिसते.

शेवट असा होता: 'मोठी माय खाजवायची म्हणून सगळे म्हणाले बाहेरचं. पण आमच्या घरात तीन महिन्यांपासून कापूस भरलेला होता. त्या हिवाळ्यात आम्ही सगळेच खाजवत होतो. मला वाटतं, बाहेरचं काही नव्हतं. सगळं घरचंच होतं.'

मी तो लेख तीन वेळा वाचला. इतकी वर्षं अंक काढत होते, असा लेख माझ्या हातात आला नव्हता. आणि मनात पहिलं काय आलं, तर हे तिनं माझ्यासाठी लिहिलेलं नाही.

लेखाला टाचणीनं एक चिठ्ठी लावली होती, मॅडमच्या तिरक्या अक्षरात. 'ताई, मोठ्या मायचं नाव राहू द्या, ते पाहिजे. गाव, आडनाव आणि लिहिणारीचं नाव काढून छापा. पोरीला घरी जायचं आहे.'

मी टाचणी काढली. चिठ्ठी थोडा वेळ हातात होती. मग चुरगाळून टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

लेखातल्या अठरा चुका मी दुरुस्त केल्या. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ. 'गोठीक'चं 'गॉथिक' केलं, प्रत्येक ठिकाणी. गाव, आडनाव आणि मुलीचं नाव होतं तसं ठेवलं.

मला काय हवं होतं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मॅडमना प्राचार्यांनी बोलवावं, चार शब्द सुनवावेत. मुलीला कळावं की या बाईच्या नादानं अडचण होते, आणि तिनं माझ्याकडं परत यावं. मुलीला काही होईल असं वाटलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. तेही खोटं आहे. मी लेख तीन वेळा वाचला होता. त्या घराची कडी कुठल्या बाजूनं आहे ते मला ठाऊक होतं.

अंक वाटल्यावर पंधरा दिवसांत मोठे बाबा कॉलेजात आले. त्या मुलीचे मोठे बाबा, ज्यांची बायको लेखात होती. खांद्यावर दुपट्टा, हातात अंकाची गुंडाळी. प्राचार्यांनी मला आणि मॅडमना बोलावून घेतलं. आवाज त्यांनी चढवला नाही.

"सर, आमची बाई मरून नऊ वर्सं झाले. तुमी तिले पुस्तकात आनून उभी केली. गावात तोंड दाखवाची सोय नाही राह्यली. हे लिवलं कोनं? आमच्या पोरीले एवढी अक्कल नाही."

प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. "संपादक तुम्ही. गावाचं नाव, आडनाव, हे कसं छापलं गेलं?"

मी तोंड उघडलं. मॅडम माझ्याकडं पाहत होत्या. त्या चिठ्ठीचं मी सांगेन म्हणून वाट पाहत होत्या, नाहीतर मी सांगणार नाही हे त्यांना दिसलं होतं. दोन्हींतलं कुठलं, ते मला माहीत नाही. फार वेळ नव्हता तो. मग त्या प्राचार्यांकडं वळल्या.

"मी लिहिलं सर. पोरीनं चार गोठी सांगतल्या होत्या वर्गात, बाकी माह्यं. तिचं नाव मीच टाकलं. छापून आलं हे तिले माहीतही नसन."

"मुद्दाम टाकलं?" मोठे बाबा म्हणाले.

"हो. मुद्दाम."

मी तोंड मिटलं.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या मागून चालत होते. त्या थांबल्या. "चिठ्ठीवरून आपुन तिथं भांडत बसलो असतो, तं तो मानूस घरी जाऊन पोरीलेच धरता. लिहिलं कोनं, सांगतलं कोनं. आता राग माह्यावर राहीन." मग चालू लागता लागता, "चिठ्ठी पडली असन कुठी तरी. नाही ताई?"

"हो," मी म्हटलं. "पडली असेल."

जूनमध्ये त्यांच्या नेमणुकीचा कागद आला नाही. निरोप समारंभ झाला नाही, कारण त्या पक्क्या नव्हत्या. शिपायानं त्यांची पुस्तकांची पेटी नेरच्या बसवर चढवून दिली. मी त्या दिवशी रजेवर होते.

त्यांचं खोटं पुरतं लागू पडलं नाही. मुलगी कॉलेजात परत आली नाही. त्याच उन्हाळ्यात झरीच्या पलीकडच्या एका गावी तिचं लग्न लावून दिलं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत. दारात सापडली, असं ती सांगते. मॅडमनी विचारलं असतं, कुठल्या दारात? मी कधी विचारलं नाही.

मला जे हवं होतं ते मात्र झालं. पाच वर्षांनी ती लेक कडेवर घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "मॅडम, मले बी.ए. पुरं करायचं हाय." मी तिचे बाहेरून परीक्षेला बसायचे फॉर्म भरले, पुस्तकं दिली, परीक्षेला आली की माझ्याकडंच राहायची. यजमान तोवर गेले होते. घर मोठं आणि रिकामं. ती पास झाली, अंगणवाडीत लागली. तेव्हापासून दर हिवाळ्यात ती तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन येते, पाया पडते, लेकीला पडायला लावते. आणि कधी जुनी गोठ निघाली की म्हणते, "तुमीच माह्या खऱ्या मॅडम. त्या गोठीकवालीनं तं मले बुडवलं. मोठे बाबा स्वतः आयकून आलते, म्हने, मुद्दाम नाव टाकलं. दोन चिठ्ठ्या आल्या त्यायच्या माह्या सासरी. न फोडता चुलीत टाकल्या."

हे ती बोलायची तेव्हा मला काय वाटायचं? अपराधी वाटायचं, हे खरं आहे. आणि त्याखाली, अगदी तळाशी, गोड वाटायचं. पंधरा हिवाळे मी ते गोड खाल्लं.

या पौषात ती आली ती काळजीत होती. लेक आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आम्ही दोघी ओसरीत बसून शेंगा सोलत होतो.

"वर्गात त्यायले 'माझं घर' म्हनून लिहाले सांगतलं. हे भवानी खरंखुरं लिहून बसली. तिच्या बापाचं, दारूचं, सारं. मी वही पाह्यली अन फाडून टाकली. म्हटलं, शिकवनारे कोनाचे नसतात बाई. तू लिहशीन, अन थे छापतीन, अन तुह्ये बोटं जातीन. घरातलं एक अक्षर लिहाचं नाही."

"पोरगी काय म्हणाली?"

"काय म्हनन? दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, मराठीच्या मॅडम सोडून कोनावर भरोसा ठेवू नको."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी म्हटलं, "थांब. नाव त्यांनी टाकलं नव्हतं."

मग मी सांगितलं. चिठ्ठीत काय होतं ते शब्दाला शब्द सांगितलं, ते मला पाठ आहे. टाचणी, डबा, अठरा चुका. प्राचार्यांच्या खोलीत मी तोंड उघडून मिटलं ते. का केलं, हे तिनं विचारलं नाही तरी सांगितलं. "तू स्टँडवर त्यांच्या डब्यातून जेवत होतीस," मी म्हटलं, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या तोंडी ते वाक्य किती पोरकट होतं ते मला बोलताना ऐकू आलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सोललेल्या दाण्यांकडं पाहत होती. हातातली शेंग सोलून संपवली आणि म्हणाली, "पंधरा वर्सं मी त्यायले शिव्या देल्या तुमच्या घरात बसून. तुमी आयकून घेतल्या."

"हो."

"चहा देत होत्या तुमी मले वरतून."

"हो."

"जित्त्या हायत का त्या?"

"आहेत. नेरलाच असतात. घरी मुलींची शिकवणी घेतात."

"नंबर हाय तुमच्याजोळ?"

होता. तीन वर्षांपूर्वी जुन्या शिपायाच्या घरच्या लग्नात मी तो लिहून घेतला होता आणि कधी लावला नव्हता. मी आकडे वाचून दाखवले. तिनं फोन उजव्या हातात धरून अंगठ्यानं दाबले आणि उठून अंगणात गेली. मी दारापर्यंतही गेले नाही. पण ओसरीतून अंगणातलं सगळं दिसतं, ऐकू येतं.

"हॅलो. मॅडम... मी बोलून राह्यली." मग तिनं आपलं नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट, आणि गाव.

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. ती फोन कानाशी घट्ट धरून ऐकत होती. मला वाटलं आता रडेल. मी पदर डोळ्यांशी नेऊन ठेवला होता, तिच्याबरोबर रडायला.

ती हसली. आधी नाकातून, मग मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता, मध्येच "नाही न मॅडम!" म्हणत, ठसका लागेपर्यंत. पंधरा हिवाळ्यांत माझ्या घरात ती अशी एकदाही हसली नव्हती.

सगळं सांगून टाकलं की जळणं थांबेल, असं मला वाटलं होतं. मी ओसरीत शेंगा पुढ्यात घेऊन बसले होते, आणि मला ना तिच्या बोटांचं आठवत होतं ना चिठ्ठीचं. मला एवढंच कळून घ्यायचं होतं की मॅडम असं काय म्हणाल्या. ती आत आली, पिशवी उचलली आणि बसच्या वेळेला निघून गेली. मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मला नाही, हे मला कळतं. तरी आज हे लिहितानाही मला सगळ्यात आधी तेच विचारायचं आहे.